भोपळा फुटता फुटता

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, सर्व संघांचे प्रशिक्षक, पालकवर्ग आणि खुर्च्यांवर बसायचं सोडून खुर्च्यांखाली जाऊन बसलेल्या माझ्या चिमुकल्या खेळाडूंनो,

एका हंगामाच्या पंचगिरीला एवढा थाटाचा निरोप मिळेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं तर निरोप मिळेल असंच वाटलं नव्हतं, कारण मी राजीनामा दिलेला नाही. समारंभाचं निमंत्रण आलं तेव्हा मला कळलं, की मी निवृत्त झालो आहे. अध्यक्ष महोदयांच्या या तत्परतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. नव्या पालकांना सांगायला हवं, की अध्यक्ष महोदया या माझ्या पत्नी आहेत. आज आम्ही एकाच गाडीतून आलो. मी मागच्या सीटवर होतो.

अनेक जण विचारतात, डॉक्टर, तुम्ही दातांचे डॉक्टर, या पोरांच्या फुटबॉलच्या भानगडीत पडलात कसे? मंडळी, मी पडलो नाही, मी नुसतं 'हो' म्हणालो. आमच्या धंद्यात माणसाचा जबडा उघडा असतो, जीभ बधीर असते आणि तरी तो काहीतरी सांगतच असतो. आपण 'हो हो, अगदी बरोबर' म्हणत हातातलं काम चालू ठेवायचं. तर आपले माजी पंच अक्कलदाढ काढायला आले आणि बराच वेळ 'आँ, ऑ, आँ' करत राहिले. मी दर वेळी हो म्हणालो. दाढ निघाली, त्यांनी चूळ भरली, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे पुसत निघून गेले. मी सवयीने ती शिट्टी उकळायला टाकली.

पण या पदाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता, हे आता सांगायला हरकत नाही. शनिवारी ज्यांच्या मुलाविरुद्ध पेनल्टी दिली, ते वडील सोमवारी माझ्या खुर्चीत आ वासून पडलेले असायचे. 'परवाच्या निर्णयाबद्दल आपलं काही म्हणणं?' मी अदबीने विचारायचो. 'आँ,' ते म्हणायचे. आणि ही मुलं! पहिल्याच सामन्यात एकाला पिवळं कार्ड दाखवलं, तर मध्यंतराला कार्डासाठी रांग लागली. एका मुलीने विचारलं, "काका, गुलाबी नाही का?"

असो. मूळ विषय टाळून मी किती वेळ बोलणार?

अध्यक्ष महोदया या पिवळ्या संघाच्या प्रशिक्षकही आहेत. जर्सी पिवळी, आणि अख्ख्या हंगामात एक गोल नाही. लोक त्यांना भोपळे म्हणू लागले. हसू नका. हिने, म्हणजे महोदयांनी, त्या पोरांसाठी काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. बुटाची नाडी बांधायला शिकवली. आपला गोल कुठला ते शिकवलं. मध्यंतरानंतर तो बदलतो, हे शिकवताना तर घसा बसला. जेवणाच्या टेबलावर मिठाची डबी, चमचे आणि माझा चष्मा मांडून डावपेच चालायचे. "जिंकणं राहू दे रे," ती म्हणायची, "एकदा भोपळा फुटू दे फक्त."

शेवटचा सामना आला. पिवळ्यांची सगळ्यात लहान खेळाडू, आपली पिटुकली, चेंडू घेऊन सुटली. समोर कोणी नाही. गोलरक्षक खांबाला पाठ घासत उभा. बाहेर महोदया दोन्ही हात तोंडावर धरून. आणि तेवढ्यात पिटुकलीच्या तोंडातून काहीतरी पांढरं खाली पडलं.

मी शिट्टी फुंकली. "थांबा! दात पडला!"

सांगा मला, अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात घालवलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं? चेंडू गडगडत जाळ्यात गेला, पण शिट्टीनंतर. मग दोन्ही संघ, आईवडील, आजोबा, सगळे गुडघ्यांवर रांगत गवत चाळू लागले. एक दात सापडला, तो मागच्या आठवड्यातला निघाला. एक कवळी सापडली. तिचे मालक सभागृहात असतील, तर त्यांनी दवाखान्यात येऊन घेऊन जावी, बसवून बघितल्याशिवाय दिली जाणार नाही. शेवटी मी पिटुकलीला 'आ कर' म्हटलं. सगळे दात जागच्या जागी. पडली होती ती पेपरमिंटची गोळी.

नियमाप्रमाणे मी चेंडू खाली टाकून खेळ पुन्हा सुरू केला. सामना शून्य-शून्य.

तेव्हापासून अध्यक्ष महोदया माझ्याशी अत्यंत सभ्यपणे वागत आहेत. कॉलेजपासून मला 'अरे' म्हणणारी बाई आता मला 'पंच' म्हणते. "पंचांनी जेवून घ्यावं." "पंचांचा ओला टॉवेल पलंगावर आहे, तो त्यांनी कृपया उचलावा." तुम्ही म्हणाल, नशीबवान आहात, घरात एवढा मान! मंडळी, या मानाने माझा जीव नकोसा झाला आहे. मला टॉवेलवरून ओरडा खायचा आहे. घरात कोणी भांडत नाही म्हणून मी दवाखान्यात उशिरापर्यंत बसतो.

शिट्टी वाजली होती, त्यामुळे निकाल बदलणार नाही. पण आजपासून मी पंच नाही, माझ्या मताला काडीची किंमत नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगतो: तो गोल होता. मी सगळ्यात जवळ उभा होतो. भोपळा फुटला होता, आणि तो तुझ्या शिकवण्याने फुटला होता.

संयोजकांचे, पालकांचे आणि मला निवृत्त करण्याची तसदी घेणाऱ्या समितीचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर आपलाच माणूस म्हणून सांभाळून घ्या. आणि अध्यक्ष महोदया, आपणही...

माफ करा, महोदया काहीतरी म्हणताहेत. काय? माइकमुळे ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणता?

"बस की आता खाली, किती बोलशील!"

ऐकलंत ना सगळ्यांनी? 'बोलाल' नाही. 'बोलशील'.

बसतो गं. बसतो.