चालता चालता बोलायचं

हसाल तुम्ही, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. आमच्या अण्णांचं हृदय अधू. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाला, पण सोबत्याशी बोलत, म्हणजे दम किती टिकतो ते कळेल. बोलणं थांबलं, की थेट माझ्याकडे आणा."

सोबतीला फाळणीनंतर सिंधमधून नुकतेच शेजारी राहायला आलेले लछूकाका. श्रावणी सोमवारी दोघं अंबरनाथच्या महादेवाला निघाले. काकांनी दहा प्रश्न विचारले, अण्णा गप्प! काकांनी घाबरून त्यांना हातगाडीवर आडवं केलं आणि दवाखाना गाठला.

निरोप मिळताच मी धापा टाकत पोचलो. "डॉक्टर, श्रावणी सोमवारी दर्शन होईपर्यंत यांचं मौन असतं हो!"

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या शंकराला हात जोडले, आणि काकांना एका दमात अशा शिव्या घातल्या, की डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून दुप्पट चाला."