पन्नासावा फॉर्म

हॅलो?… हां, बोल… अगं हो, मीच केले चार मिस्ड कॉल. पाच? पाच केले असतील… नाही, कुणी गेलंबिलं नाही, सगळे धडधाकट आहेत. आधी ते शिलाई मशीन थांबव बघू, काही ऐकू येत नाहीये.

हां, आता ऐक ना. काय शिवतेयस?… शाळेचे शर्ट. किती राहिलेत?… मग राहू देत. पोरं एक दिवस जुन्या शर्टात गेली तर काही आभाळ कोसळत नाही. तू वीस मिनिटांत इकडे ये… इकडे म्हणजे उपकेंद्रात गं. नर्स मी इथली आहे, अजून कुठे सापडणार?

नाही, इंजेक्शन नाही द्यायचं. काम आहे. तुला… तुला जरा वेळ पेशंट व्हायचंय.

हॅलो?… हस. हस बाई. मी थांबते… झालं? की अजून आहे?… बरं, सांगते, पण मध्ये बोलायचं नाही… बोललीस. हे बघ, परत बोललीस.

तो मनाच्या आरोग्याचा सर्व्हे आठवतो? मी टॅब घेऊन घरोघर फिरत होते, नऊ प्रश्न विचारत… हां, तोच. तू नऊच्या नऊ प्रश्नांना 'मला कुठे वेळ आहे' म्हणालीस. टॅबमध्ये तसा पर्यायच नाही, मी शून्य टाकून मोकळी झाले. तर पन्नास फॉर्म हवे होते. एकोणपन्नास झाले, पन्नासाव्या घराला कुलूप, आणि शेवटची तारीख. मग मी…

हो. ओळखलंस. घरी आले, भांडी आवरली आणि ओट्याशी उभी राहून भरला एक. मनानेच… नाव? घातलं काहीतरी. या नावाची बाई गावात नाही, एवढी खात्री करून घातलं. एवढी काळजी मी खऱ्या फॉर्मलाही घेत नाही. वय एक्केचाळीस… माहितीये मला माझं त्रेचाळीस आहे ते! खोटंच लिहायचं तर दोन वर्षं कमी का करू नयेत?

अगं, पुढे तर ऐक. डोक्यात येईल तसं टिक करत गेले. शेवटचं बटण दाबलं आणि पडदा लालभडक! सत्तावीसपैकी एकोणीस. पन्नास जणांत पहिली! आयुष्यात कुठल्या परीक्षेत पहिली आले नव्हते, आणि आले ती दुसऱ्याच्या नावावर.

लाल झालं की काय होतं, तेच सांगतेय. टॅब आपोआप नाव वर पाठवतो. आज सकाळी मेसेज आला, पेशंटला पावणेबाराला व्हिडिओवर मनाच्या डॉक्टर भेटतील. आता पेशंट आणू कुठून?

रद्द? रद्द कसं करू? तीस गावांना मिळून ती एक डॉक्टर. तीही जिल्ह्याला बसते, महिन्यातून एकदा पडद्यावर येते आणि चार पेशंट बघते. चार! दोन वर्षं अर्ज खरडून हा वार मी आपल्या केंद्राला मिळवलाय. आणि मागच्या महिन्यात काय झालं माहितीये ना? गिरणीवाला गं. त्याला कित्ती समजावून वेळ घेतली. आला, दारात चपला काढल्या, बाकावर मेव्हणा बसलेला दिसला आणि मला म्हणतो, 'सिस्टर, खोकल्याचं औषध द्या.' दिलं मी. काय करणार? अजून पितोय म्हणे बिचारा. त्याची गैरहजेरी लागली. आज दुसरी लागली तर आपला वार दुसऱ्या केंद्राला जातो. मग आपल्या लोकांनी जायचं कुठे? दोन बस बदलून पाच तास?

दुसरी कुणी नाही चालत. बाई हवी, चाळिशीतली हवी आणि तोंड बंद ठेवणारी हवी. तिसऱ्या गोष्टीत तू बसत नाहीस, पण दोन जमतायत. शिवाय तू शाळेत नाटकात काम केलंयस… झाडाचं का असेना! तू तोडली गेलीस तेव्हा हेडबाई रडल्या होत्या. मी बघितलंय.

येतेस ना?… शहाणी गं माझी बाई ती! बरं, उत्तरं पाठ कर. मशीन चालू केलंस का परत? असू दे, शिवता शिवता ऐक.

पहिलं, कशात मन लागत नाही. डॉक्टर विचारतील, म्हणजे कसं? तर सांगायचं, टीव्हीसमोर बसलेली असते, मालिका संपते, नवरा विचारतो काय झालं आज, आणि मला सांगताच येत नाही… तुला. तुला सांगता येत नाही. 'तुला'च म्हटलं मी.

दुसरं, झोप. उजाडायच्या कितीतरी आधी जाग येते. मग पडल्या पडल्या छताचे पत्रे मोजायचे. सतरा आहेत… तुझ्याकडे स्लॅब आहे, हो. मग पंख्याची पाती मोज… तीन तर तीन! डॉक्टर काय तुझं घर मोजायला येणारेत?

तिसरं, थकवा. सकाळी लसींचा डबा उचलला की वाटतं, यात बर्फ नाही, दगड भरलेत… हो, शिवणकाम करणारीकडे लसींचा डबा कुठला. बरोबर. कापडाचा गठ्ठा म्हण.

मग ते, आपण कुचकामी आहोत असं वाटणं. इथे जरा सावकाश बोल. सांग की लोक म्हणतात, 'सिस्टर, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत.' ती हसते. आणि आतून तिला वाटतं, यांना कळलं तर? की हिच्यात काहीच शिल्लक नाहीये, नुसता ॲप्रन चालतोय…

मशीन का थांबवलंस? चालू ठेव ना. ते थांबलं की तू जरा जास्तच ऐकतेस.

काय?… कुणाची म्हणजे? त्या बाईची उत्तरं आहेत… 'सिस्टर' म्हटलं का मी? सवयीने आलं असेल… नाही गं. काहीतरीच काय… नाही म्हटलं ना.

… …

हो.

हो म्हटलं ना! किती वेळा वदवून घेशील? माझीच आहेत. म्हटलं, पन्नासावा फॉर्म भरायचाच आहे, तर हाताशी जो माणूस आहे त्याचा भरावा. लाल होईल असं कुठे वाटलं होतं? फार तर पिवळं होईल म्हटलं.

कधीपासून?… लेक होस्टेलला गेली, त्याच्याही आधीपासून. कारण? कारणच नाही, तीच तर पंचाईत आहे. नवरा बरा आहे. सासूबाई बऱ्या आहेत, माझ्यापेक्षा जास्त चालतात. कारण असतं तर त्याचं नाव घेऊन रडले तरी असते.

तुला काय सांगणार होते? तू म्हणाली असतीस, घराबाहेर पड जरा, चार लोकांत मिसळ. दिवसाला चाळीस घरं फिरते गं मी! अजून किती मिसळू?

गेले होते ना. जिल्ह्याला. मार्चमध्ये, तुला म्हटलं होतं ट्रेनिंग आहे… कसलं ट्रेनिंग! मनाच्या ओपीडीत रांगेत बसले होते, तोंडाला मास्क लावून. तरी मागून हाक आली, 'अरे, सिस्टर तुम्ही?' आपला पोस्टमन, म्हाताऱ्या आईला घेऊन आलेला. मी काय केलं असेल? म्हटलं, तुमच्यासाठीच आलेय! त्यांचा केसपेपर काढून दिला, खिडकी दाखवली, आईचा हात धरून आत नेलं, औषधं समजावली. माझा नंबर तोवर निघून गेला. संध्याकाळच्या बसने तिघं एकत्र परत आलो. पोस्टमन अजून सगळ्यांना सांगत हिंडतो, सिस्टर देवमाणूस आहे म्हणून.

हस की. हसण्यासारखंच आहे… आणि भिंतीवर ते पोस्टर मीच चिकटवलंय, 'मोकळेपणाने बोला, मन हलकं करा.' त्याच्याखाली वजनकाटा ठेवलाय. लोक बोलत नाहीत, वजन करून जातात. मीसुद्धा तेच करते.

नववा?… तो जगणं नकोसं वाटण्याचा प्रश्न राहू दे… नाही, लपवत नाहीये… बरं. 'काही दिवस' वर टिक आहे… घाबरू नकोस, ऐक, मी काही करणार नाहीये. तसं नाही गं. एवढंच वाटतं कधीकधी, की आपण नसतो तर कुणाचं फारसं अडलं नसतं. लसीकरणाचा दिवस सोडला तर… अगं, रडू नकोस ना. म्हणून तर सांगत नव्हते कुणाला. आधी तुलाच धरून बसावं लागणार, मग माझा नंबर.

… …

म्हणजे? येणार नाहीस?… येणार, पण त्या खुर्चीत बसणार नाहीस. मग तुझा उपयोग काय?… बाहेर बाकावर बसणार. आणि कुणी विचारलं तर?… 'सिस्टरची मीटिंग चाललीये, खोकलेवाल्यांनी उद्या या.' हे बरं जमतं तुला.

पण मी कशी बसू गं? 'पेशंट, आत या' म्हणणारी मी, आणि आत येणारीही मीच? गावात कळलं तर? उद्या कुणाला गोळी दिली तर म्हणतील, आधी तुम्ही खाऊन दाखवा… तसं तू म्हणतेस ते खरं आहे. गिरणीवाल्याला मी अर्धा तास हेच सांगत होते, लाजायचं काय त्यात. काय सुंदर बोलले होते मी! स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

अगं… वाजायला लागला. टॅब गं, टॅब! पावणेबारा कुठे… झाले. झालेच की. तू कुठवर आलीस?… अजून घरातच? चप्पल सापडत नाही? कुठलीही घाल, जोडी जमली नाही तरी चालेल! नाही, फोन ठेवू नकोस. नुसती लाइनवर राहा. बोलू नकोस फक्त.

नमस्कार डॉक्टर… हो, आवाज येतोय. दिसतंय का?… हो, मीच इथली नर्स… पेशंट ना? हो, आलीये. वेळेवर आलीये… हो, दार लावलंय, पडदाही ओढलाय… मी?

मी बाहेर थांबू?

… …

नाही डॉक्टर, ते नाही जमणार… नियम माहितीये मला, पेशंटशी एकटीशी बोलायचं असतं तुम्हाला. पण मी बाहेर गेले, तर आत कुणीच उरत नाही.

… हो. मीच.

एक मिनिट हं, डॉक्टर… अगं, ठेवते मी. ये तू सावकाश. ठेवते.