चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर

...नाही हो नाही, बसा तुम्ही, खुर्ची पुसलेली आहे, मीच पुसलीय, दोनशेच्या दोनशे मीच मांडल्यात आणि सभा संपली की मीच त्यांची घडी घालून भिंतीला लावणार, गेली सहा वर्षं तेच करतोय, फक्त तेवढं च्युइंगम खुर्चीखाली चिकटवू नका म्हणजे झालं! कारण तुम्हाला सांगतो, या सेरो व्हिस्टा गावात एकापेक्षा एक शिकलेली माणसं, दारात तीन-तीन मोटारी, आणि सुनावणी संपल्यावर खुर्चीखाली हात घातला की... जाऊ दे. शिसारी येते. तुम्ही बसा.

मी अन्सेल्मो. इथल्या शाळांची कुलपं, दिवे, झाडलोट, तुंबलेले संडास, सगळं बावीस वर्षं माझ्याकडे आहे. राहतो कुठं विचारा. विचारा ना! लॉस बानोसला! नव्वद मैल! पचेको घाट ओलांडून! का? तर इथं गॅरेजच्या वरची एक खोली भाड्यानं घ्यायची म्हटलं तरी माझा अख्खा पगार जातो आणि वर मालकाच्या कुत्र्याला फिरवावं लागतं! सकाळी शाळा उघडायची, दुपारी तीन तास मोकळे, संध्याकाळी परत शाळा बंद करायला हजर. आता त्या तीन तासांत नव्वद मैल जाऊन कोण येणार? म्हणून बॉयलरच्या खोलीत एक बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं आणि गार बुरिटो खायचा. घरी पोचतो तोवर अम्पारो, म्हणजे माझी बायको, झोपलेली असते, कारण तिला पहाटे टोमॅटोच्या कारखान्यात निवडायला बसायचं असतं. सोमवार ते शुक्रवार आमचा संसार फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो. ‘सूप आहे, गरम कर.’ ‘नळ गळतो.’ ‘आज आपल्या लग्नाचा वाढदिवस.’

तर सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळामंडळाचे मोठे साहेब, डॉक्टर लिंडक्विस्ट, भले मनुष्य, फक्त कणा घरी विसरून येतात, त्यांनी जाहीर केलं की बंद पडलेल्या प्राथमिक शाळेमागचं मैदान मंडळाचंच आहे, तिथं मंडळाच्या माणसांसाठी, म्हणजे शिक्षक, बसवाले, स्वयंपाकवाल्या आणि मी, अशांसाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधू! चौसष्ट घरं! तळमजला धरून चार मजले! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी आनंदात एकच फरशी दोनदा पुसली.

आता इथला एक नियम आहे. इमारत बांधायच्या आधी तिच्या उंचीचे खांब जागेवर उभे करायचे आणि त्यांच्या टोकांना नारिंगी जाळी बांधायची, म्हणजे गावाला कळतं इमारत केवढी होणार ते. खांब उभे कोण करणार? मीच! केले. आणि रविवारी अम्पारोला घेऊन आलो. ती मैदानात उभी राहून वर बघत होती.

“आपलं कुठलं?”

“तो कोपरा. चौथा मजला. ते स्वयंपाकघर.”

“खिडकी पूर्वेला आहे का?”

“पूर्वेला.”

“मग सकाळी ओट्यावर ऊन येईल. बुधवारी मक्या-मटणाचं पोसोले करत जाईन, तू वर ये जेवायला, गरमगरम.”

अहो, हवेत बोट दाखवून तिनं शेगडी मांडली, पडदे लावले, मसाल्याचे डबे ठेवले! मी हसलो. ती नाही हसली.

आणि मग झाली पहिली सुनावणी. पद्धत अशी, की नाव लिहून कार्ड द्यायचं, नंबर आला की माइकवर दोन मिनिटं, हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. पहिला नंबर कुणाचा? मैदानासमोर राहणाऱ्या मिसेस व्हिटकॉम बाईंचा! त्यांच्या कुंपणाला पाटी आहे, ‘या घराचं शिक्षकांवर प्रेम आहे’, आणि तिच्या शेजारी दुसरी, ‘मैदान वाचवा’. बाई उठल्या, हात छातीवर... हा असा... आणि म्हणाल्या, “शिक्षकांबद्दल आमच्या मनात अतोनात आदर आहे! माझी तिन्ही मुलं याच शाळेनं घडवली! पण...”

नमनालाच घडाभर तेल! पिवळा दिवा लागेपर्यंत नुसता आदर! आणि मग मुद्दा काय, तर चौथ्या मजल्यामुळं त्यांच्या झोपायच्या खोलीतून टेकडी दिसणार नाही! अहो, झोपायच्या खोलीत माणूस झोपतो की टेकडी बघतो?

साहेबांनी मान डोलावली. चौथा मजला रद्द. दुसऱ्या दिवशी शिडी, करवत, आणि मी. सगळे खांब वरून कापले. कापता कापता अम्पारोचा फोन, “काय झालं?”

“स्वयंपाकघर गेलं.”

“मग तिसऱ्यावर घे,” म्हणाली. जसं काही माझ्या खिशातच आहे.

दुसरी सुनावणी. खुर्च्या मांडा! मिस्टर हॅल्व्हर्सन उठले, निवृत्त वकील, एवढी मोठी टोपली घेऊन. “शिक्षकांबद्दल माझ्या मनात अतोनात आदर आहे. पण या टोमॅटोंकडे बघा!” बघितले. अकरा टोमॅटो होते, मी मोजले. “ऑक्टोबरात दुपारी चारनंतर इमारतीची सावली माझ्या वाफ्यावर पडेल!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो, टोमॅटोंसाठी! माझी बायको दिवसाला ट्रकभर टोमॅटो निवडते, तिच्यासाठी कुणी कधी एक टाळी वाजवली नाही! तिसरा मजला रद्द. करवत.

याच हॅल्व्हर्सन साहेबांनी एकदा मला रस्त्यात अडवलं. रात्री वारा सुटला होता, एक खांब जरा कलला होता. “अन्सेल्मो, इमारत वाकलीय! उद्या कुणाच्या अंगावर पडली तर?” मी म्हटलं, साहेब, इमारत कुठाय? म्हणाले, “तेच म्हणतोय मी, आत्ताच ही अवस्था, तर बांधल्यावर काय?” मी हात टेकले!

तिसरी सुनावणी. खुर्च्या मांडा! आता मैदान आठवलं. “आमची मुलं जिथं खेळतात ते हिरवं हृदय!” म्हणे! कुठली मुलं? शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली! तिथं खेळतात ती कॅनडातून उडत येणारी रानबदकं, शे-दोनशे, आणि ती मैदानावर काय टाकून जातात ते मला विचारा, कारण ते मी उचलतो, फावड्यानं, घमेली भरून, हिरवं, चिकट, बुटाच्या खाचेत बसलं की घाटाच्या पलीकडे घरापर्यंत वास येतो! त्या हृदयावर ही माणसं कधी पाऊल ठेवत नाहीत, कुंपणाबाहेरून प्रेम करतात! दुसरा मजला रद्द. करवत.

आता खांब माझ्या डोक्याएवढे. चौसष्टची सोळा घरं उरली, तळमजल्यावर. मी अम्पारोला भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, “बरंच झालं. माझे गुडघे दुखतात. जिना नकोच.”

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी घाटात गाडी बाजूला घेतली आणि रडलो. तेव्हा लाज वाटली होती, आता वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललास? अहो, मीही कार्ड भरायचो, प्रत्येक वेळी! पण दिवे, माइक, खुर्च्या बघून कार्ड द्यायला जाईपर्यंत माझा नंबर शेवटचा, आणि नऊ वाजता सभागृह बंद करायचा नियम आहे. बंद करतो कोण? मी! सत्याऐंशी नंबरचा माणूस बोलत असायचा, अठ्ठ्याऐंशी माझा, आणि मीच उठून ओरडायचो, “मंडळी, वेळ संपली!” स्वतःच्या हातानं स्वतःचं कार्ड स्वतःच्या खिशात! असा मूर्ख पाहिलाय कधी?

गेल्या वर्षी मात्र टीव्हीवर बेसबॉलचा अंतिम सामना होता. सगळ्यांनी आपापला आदर भराभर उरकला. आठ वीसलाच माझा नंबर आला! हातातला झाडू तसाच घेऊन मी माइकपाशी गेलो. हिरवा दिवा लागला. सगळं बोललो. नव्वद मैल, घाट, चिठ्ठ्या, बॉयलरच्या खोलीतली बादली, गार बुरिटो, पूर्वेची खिडकी. म्हटलं, मला टेकडी नको, टोमॅटो नकोत, मला बुधवारी बायकोबरोबर गरम जेवायचंय, म्हणून ती सोळा घरं बांधा!

मग कुणीतरी हुंदका दिला. मिसेस व्हिटकॉम! रुमाल डोळ्यांना! “बादलीवर?” म्हणाल्या. “आमच्या गावात? ज्या माणसानं माझ्या मुलांच्या ओकाऱ्या पुसल्या तो इतकी वर्षं पालथ्या बादलीवर बसून जेवतो, आणि आम्हाला माहीतही नाही?” हॅल्व्हर्सन उभे राहिले, “लाज वाटली पाहिजे आपल्याला!” सगळं सभागृह उभं राहिलं! टाळ्या! साहेबांनी तिथल्या तिथं ठराव मांडला, एकमतानं मंजूर, पाच वर्षांत पहिल्यांदा एकमत! मी बाहेर पळत जाऊन फोन करून अम्पारोला झोपेतून उठवलं, म्हटलं, झालं! घर झालं!

आत आलो तेव्हा साहेब ठराव वाचत होते. मैदानात माझ्या नावाचा एक बाक बसवायचा!

बाक!

म्हणजे मला बसायला. बादलीऐवजी. मग घरांचं काय? ती ‘पुढील अभ्यासासाठी’ ठेवली. तोंडाला पानं पुसावीत तर अशी, पितळी पाटी लावून! ‘आमच्या लाडक्या अन्सेल्मोस, कृतज्ञतापूर्वक.’ उद्घाटनाला केक होता. केकच्या बशा कुणी उचलल्या ते विचारूच नका. आणि बाकाशेजारी दुसरी पाटी, ‘सूर्यास्तानंतर थांबण्यास, झोपण्यास व शिजवण्यास मनाई’. तिचे स्क्रू मीच पिळले. चार.

तरी अम्पारो म्हणाली, असू दे. मागच्या बुधवारी तिनं रजा काढली, पोसोलेचं पातेलं टॉवेलात गुंडाळून बसमधून नव्वद मैल मांडीवर धरून आणलं, टॉर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, फडक्यात बांधलेल्या. बसलो बाकावर. बावीस वर्षांतलं पहिलं बुधवारचं जेवण! तिनं चमच्यानं वर हवेत दाखवलं, “तो ओटा होता ना?” मी म्हटलं, “हो.” दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच कुत्र्याला घेऊन मिसेस व्हिटकॉम आल्या. “अय्या, किती गोड! दोघं जेवताय! बघून डोळे भरून आले हो!” आणि मनगटावर बोट ठेवून, “पण सूर्य मावळला ना? माझं काही म्हणणं नाही, अन्सेल्मो, नियम आहे म्हणून.”

अम्पारोनं पातेल्यावर झाकण लावलं. उरलेलं आम्ही गाडीत बसून खाल्लं.

आणि आजची सुनावणी कशाची विचारताय? वा! म्हणजे कार्यपत्रिका वाचलीच नाही! त्या बाकाची! हॅल्व्हर्सन साहेबांची तक्रार आहे, बाकाची पाठ फार उंच, त्यांच्या व्हरांड्यातून हिरवळ सलग दिसत नाही, मध्येच बाक येतो. सात इंच कमी करा म्हणतात. सकाळीच मी बाकाभोवती चार खांब ठोकले, माझ्या कमरेएवढे, वर नारिंगी जाळी बांधली, नियम म्हणजे नियम. तुम्हीही कार्ड भरा. माझं? भरलंय की. शेवटचं.

गप्प बसा आता, हिरवा दिवा लागला. आल्या बघा बाई माइकवर. गेला हात छातीवर. ऐका...

“आमच्या अन्सेल्मोबद्दल आमच्या मनात अतोनात आदर आहे...”

सरका जरा. मी करवत घेऊन येतो.