आईला सांगता न येणारा पासवर्ड

तुम्ही वायफायचा पासवर्ड कसाही ठेवा, औंढ्यात आमच्या घरी तो आईला उच्चारता येणार नाही असाच ठेवावा लागतो. ती दारात आलेल्याला पाण्याआधी पासवर्ड द्यायची. आळीभर रील चालायच्या आणि माझी नोकरीची ऑनलाइन मुलाखत मध्येच गोठली. मुलाखत घेणाऱ्या बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचा आवाज येत नाहीये. सोमवारी पुन्हा बसू."

रविवारी मी पासवर्ड बदलला. बायकांनी नवऱ्याचं नाव न घेण्याच्या प्रथेविरुद्ध मी कॉलेजात तावातावाने भाषण ठोकलं होतं. आता तीच प्रथा राखणीला बसवली.

"आई, नवा पासवर्ड म्हणजे बाबांचं नाव. सांग आता कुणाला सांगायचा तर."

"लई शहाणी झालीस तू," आई म्हणाली आणि लाजून आत गेली. मी निर्धास्त.

सोमवारी मुलाखत सुरू झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावरून शेजारणींचा आवाज आला, "वहिनी, नेट काहून बंद करून राहिल्या तुमी?"

आईने घसा साफ केला आणि लग्नात घेतात तसा खणखणीत उखाणा घेतला:

"खिडकीत राउटर, त्याचा दिवा हिरवा,
विश्वनाथरावांचं नाव टाका, नेट फुकट फिरवा."

मग शेजारणींच्या हसण्यावर आवाज चढवून तिने बजावलं, "अन् बायांनो, त्यात राव लावायचं न्हाई. नुसतं नाव."

स्क्रीनवरच्या बाई म्हणाल्या, "आता आवाज अगदी स्पष्ट येतोय."