काकांच्या वाट्याच्या पुऱ्या

शिळ्या भाताचे गुण मला नका सांगू, मी त्यावरच वाढलोय! पन्नास-बावन्न साली कुंभकोणमला आमच्या घरी रोज सकाळी तोच असायचा. रात्रभर पाण्यात भिजवलेला, वर ताक आणि कांदा. स्वस्त आणि पोटाला थंड.

एकदा पुण्याचे काका आले. लाजेखातर आईनं त्यांना पुऱ्या तळल्या आणि आम्हाला भात घेऊन परसात बसवलं. दोन दिवसांत काकांचं पोट बिघडलं. आमची ताटं बघून म्हणाले, “वहिनी, मला हेच वाढा.”

“शिळं? पाहुण्याला?”

भातानं काका सुधारले. पण पाहुण्याचं पान पुरीवाचून कसं वाढायचं, म्हणून आई तळतच राहिली. त्या पुऱ्या आम्ही हाणल्या.

काका निघाले तेव्हा आम्ही ढसाढसा रडलो. त्यांचेही डोळे भरले. “किती माया लावलीत रे पोरांनो!”

आई म्हणाली, “माया कसली, भावजी! उद्यापासून पुन्हा भात आहे ना.”