मिरच्यांची पहाटेची अंघोळ

चहा घ्या, पण आधी आमच्या शेजारच्या पाक वार्नोंचं ऐका. 'पाक' म्हणजे त्यांच्याकडचं 'काका'. जावा बेटावरच्या डोंगरातल्या खेड्यात जन्मभर बटाटे पिकवलेला म्हातारा, आता इथे कॅनडात, मिसिसागात लेकीकडे राहतो आणि तिच्या बॅकयार्डातही बटाटेच लावतो. मे महिन्यात एकदा फ्रॉस्ट पडणार असं रेडिओवर सांगितलं, तसं मी कुंपणावरून डिवचलं, "पाक, तुम्ही गरम मुलखातले. ब्लँकेट घेऊन बसा!" ते नुसते हसले.

पहाटे बघतो तर हे माझ्याच बॅकयार्डात, पाइपने माझ्या मिरचीच्या रोपांवर पाणी मारतायत! गावाहून आणलेलं बी, वर्षाचा ठेचा त्यावर अवलंबून. मी ओरडलो, "अहो, गारठलेल्यांना अंघोळ कसली घालताय? मरतील ना!"

"ऊन पडायच्या आत हे गोठलेलं दंव धुवायचं, नाहीतर पानं करपतात. आमच्या डोंगरावर अख्खं गाव त्यासाठी उठतं. ज्याच्या शेतावर ऊन आधी, त्याचं शेत आधी."

"आणि तुमचे बटाटे?"

"तिकडे ऊन उशिरा येतं."

माझं एकही रोप गेलं नाही हो! पण पाइप माझ्या हातात देताना म्हातारा म्हणाला, "आता माझे बटाटे तुम्ही धुवा. थंडी वाजली तर ब्लँकेट आणून देतो."