नावावरची पट्टी

सन्माननीय अध्यक्षा सुलभाताई, बेळ्ळंदूरहून निघून दोन तास रस्त्यात काढल्यावरही हसतमुखाने येऊन बसलेले प्रमुख पाहुणे रणजीतराव, आजचे सत्कारमूर्ती आणि एकोणीस वर्षं आमच्या दातृसंगमाचे कार्यवाह राहिलेले हयवदनराव, निरनिराळ्या न्यासांचे विश्वस्त, आणि समोर बसलेल्या माझ्या अण्णा-अक्कांनो, सर्वांना रविकुमारचा नमस्कार.

मी चिकपेटेतला कापडवाला. माझ्या वडिलांच्या, म्हणजे गुंडूरावांच्या नावाने आमच्या घरचा एक लहानसा न्यास आहे. त्याचा विश्वस्त म्हणून मी संगमात बसतो. समितीने मला बजावलं होतं, "रवीअण्णा, दहा मिनिटं बोला, लोकांना हसवा, हयवदनरावांच्या गमती सांगा." त्याप्रमाणे चार पानं लिहून आणली आहेत. ती या खिशात आहेत आणि बहुतेक खिशातच राहतील. का, ते सांगतो.

संगम म्हणजे काय, हे काही पाहुण्यांना ठाऊक नसेल. या शहरात देणाऱ्यांना तोटा कधीच नव्हता. कुणी आईच्या नावाने देतो, कुणी आजोबांच्या. पण प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात बसून देत होता. वीस वर्षांपूर्वी के. आर. पुरमजवळच्या एका शाळेला आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं. उद्घाटनाला मोठ्या दिमाखात गेलो, तर तिथे आधीच दोन यंत्रं! दोन वेगळ्या न्यासांची, दोन्हींना झेंडूचे हार घातलेले. आणि शाळेत नळच नव्हता. काय करणार? तिसऱ्या यंत्राला हार घातला, टाळ्या घेतल्या. खाली उतरलो तेव्हा मागच्या बाकावरचे बँकेतले एक गृहस्थ अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तिघं एकमेकांना कधी भेटला आहात का हो?" हेच ते हयवदनराव.

त्या एका प्रश्नातून संगम उभा राहिला. आज बेंगळूर आणि आसपासचे बावीस न्यास त्यात आहेत. मराठी घरं आहेत, कन्नड, गुजराती, तमिळ आहेत. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही भेटतो. ज्याला ज्या कामात रस, त्याने त्या मेजावर बसायचं. शाळांचं मेज वेगळं, तलावांचं वेगळं. मी वृद्धांच्या मेजावर बसतो. माझं वय बघून तिथे बसवलं, असं आमच्या घरी म्हणतात.

आता पट्टीचं सांगतो. आठ वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका विश्वस्ताने स्वतःच्या मेहुण्याचा अर्ज गोड बोलून मंजूर करून घेतला. फार बभ्रा झाला. तेव्हा मीच ताडकन उठून म्हणालो, की यापुढे अर्जदाराचं नाव, गाव, फोन, सगळं झाकायचं. अर्जाला नुसता क्रमांक द्यायचा. कार्यवाहांनी तो मोठ्याने वाचायचा आणि चर्चेत एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मीही केलं. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

तेव्हापासून हयवदनराव प्रत्येक अर्जावर खाकी कागदाची पट्टी चिकटवत आले. बाजारातला गोंद त्यांना चालत नाही. घरी तांदळाची खळ करून आणायचे. मी कापडवाला माणूस, खळीवरून मी त्यांची भरपूर थट्टा केली आहे. ती थट्टा या चार पानांत आहे.

गुरुवारी दुपारी मी संगमाच्या कचेरीत गेलो. या भाषणासाठी हयवदनरावांच्या सुरेख अक्षराचा एखादा नमुना मिळावा, एवढाच हेतू. कपाट उघडलं. जुने अर्ज काढले आणि बघतो तर काय, झुरळांनी खळ खाल्लेली! पट्ट्या सुटून खणात पडल्या होत्या. आठ वर्षं झाकलेली नावं उघडी पडली होती. मी हसलो. म्हटलं, चला, आणखी एक गंमत मिळाली. आणि वरचा अर्ज हातात घेतला.

वृद्धांचं मेज, अर्ज क्रमांक सात. चार वर्षांपूर्वीचा. मला तो लगेच आठवला. ज्यांना काही आठवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसाचं घर. मुलं-सुना सकाळी विमानतळावर कामाला जातात, म्हाताऱ्यांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावतात. त्यापेक्षा त्यांनी आमच्याकडे यावं, आम्ही त्यांना जेवू घालतो, गाणी म्हणतो. अकरा जण आहेत. असा साधा अर्ज. तेव्हा मी म्हणालो होतो, "अकराच? एवढ्याशा कामाला आपण कशाला?" झालं. नामंजूर.

पुढच्या वर्षी तोच अर्ज त्याच क्रमांकाने पुन्हा आला. त्यात एक वाक्य जास्त होतं. आमच्याकडचे एक आजोबा डोक्यावरून विमान गेलं की खुर्चीतून उठून उभे राहतात आणि ते दिसेनासं होईपर्यंत निरोपाचा हात करतात. हयवदनरावांनी ते वाक्य वाचलं आणि मी म्हणालो, "मग आजोबांना एक तिकीटच काढून द्या की!" सगळं मेज हसलं. मला अजून आठवतंय, किती छान हसले सगळे. मी या संगमातला विनोदी माणूस. अर्ज पुन्हा नामंजूर.

तिसऱ्या वर्षी तर मी नीट ऐकलंही नाही. वाचता वाचता हयवदनराव मध्येच थांबले, पाण्याचा पेला उचलून पाणी प्यायले. मी घड्याळ बघत म्हणालो, "मुंदे, मुंदे, स्वल्प बेग, जरा भरभर वाचा हो, जेवण थांबलंय."

मंडळी, या तिन्ही अर्जांखाली एकच सही आहे. अहल्या, निवृत्त शिक्षिका, देवनहळ्ळी.

अहल्याक्का म्हणजे हयवदनरावांच्या थोरल्या भगिनी. त्या तिथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. अक्का, मान खाली घालू नका. खाली घालायची ती आम्ही घालू. यांच्या हातचं चित्रान्न मी हयवदनरावांच्या घरी कितीदा खाल्लं असेल! शाळेतून निवृत्त होऊन देवनहळ्ळीला काहीतरी करतात, एवढं मला माहीत होतं. काय करतात, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

कचेरीत दुसरं कुणी नव्हतं. आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली. गेल्या वर्षी हयवदनरावांचे वडील गेले, तेव्हा मी भेटायला गेलो होतो. चार माणसं विचारतात तसं मीही विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?" हयवदनराव म्हणाले, "नाही. अक्काकडे असायचे दिवसभर. विमानं बघायचे." मी मान डोलावली, कॉफी घेतली आणि घरी आलो. तेव्हाही मला काही कळलं नाही! कानांनी ऐकलं, पण आत काही गेलंच नाही.

ते आजोबा यांचे वडील होते, मंडळी. आपल्या वडिलांवर केलेला विनोद या माणसाने समोर बसून ऐकला. त्यानंतर इतिवृत्त लिहिलं. मी गुरुवारी तेही काढून पाहिलं. "क्रमांक सात, चर्चेअंती नामंजूर." तेच सुरेख अक्षर. एक काना वाकडा नाही.

शुक्रवारी सकाळी मी यांच्या घरी जाऊन थडकलो. रागावलोच. माणूस स्वतःवर चिडला की समोरच्यावर ओरडतो, तसा ओरडलो. "एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? बाहेर व्हरांड्यात मला नुसतं सांगायचं, की अण्णा, हा अर्ज घरचा आहे!" हे शांतपणे म्हणाले, "मग तो मेहुण्याचा अर्ज झाला असता, रवीअण्णा. नियम तुम्हीच केलात. चांगला नियम आहे." मी विचारलं, "वाचताना तुम्हाला काही वाटलं नाही?" तर म्हणाले, "तिसऱ्या वेळी पाणी प्यायला थांबलो. तेवढं एक माझं चुकलं."

तेवढं एक माझं चुकलं! सुलभाताई, या वाक्याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही प्राध्यापक होता, तुम्हाला सुचलं तर मला सांगा.

निघताना हयवदनराव म्हणाले होते, "हे उद्या सभेत सांगू नका." एकोणीस वर्षं मी यांचं सगळं ऐकलं. आज ऐकत नाही. हयवदनराव, नका ना असे हाताने खुणावू. मी बोलणार आहे.

पट्टी वाईट होती का? मला नाही वाटत. मेहुण्यांचे अर्ज बंद झाले, हे खरं आहे. पण पट्टी चिकटवली आणि आम्ही पाय पोटाशी घेऊन बसलो. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, मग जायचं कुठे? जावंच लागत नाही, यातच आम्हाला सोय वाटू लागली. एकमेकांना भेटण्यासाठी काढलेला संगम हा. आम्ही बावीस जण एकमेकांना भेटलो, दर महिन्याला पोटभर जेवलो, आणि ज्यांच्यासाठी भेटत होतो त्यांना भेटायचं राहून गेलं.

काल मी अहल्याक्कांना फोन केला. म्हटलं, "अक्का, काय हवं ते सांगा, आमचा न्यास उद्याच्या उद्या देतो." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं, शिक्षिका आहेत, आणि मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. देण्याचं नंतर बघू, अण्णा. आधी या. तीन वेळा वाचलंत, एकदाही कुणी आलं नाही." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मी विचारल्यावर. ते घर ज्या जागेत आहे, ती जागा लेआउटसाठी, प्लॉट पाडायला, विकली गेली आहे. या महिनाअखेर रिकामी करायची आहे. सध्या तिथे नऊ जण येतात. जागा मिळाली नाही, तर पहिल्या तारखेपासून ती नऊ माणसं पुन्हा कुलपाच्या आत. अक्कांचा चौथा अर्ज येत्या शनिवारी मेजावर आहे. तोही हयवदनरावांनीच, कार्यवाहपद सोडायच्या आधी, पट्टी चिकटवून ठेवला आहे. आता माझ्या या भाषणाने तुम्हाला त्याचं नाव कळलं. नियम मीच केला आणि मीच मोडला. या अर्जावर मी हात वर करणार नाही. काय शिक्षा असेल ती अध्यक्षांनी द्यावी.

पण एक विनंती. बुधवारी सकाळी आठ वाजता माझ्या दुकानासमोरून एक गाडी देवनहळ्ळीला निघेल. वृद्धांच्या मेजावरच्या प्रत्येकाने तिच्यात बसावं. तिथे दिवसभर थांबावं, त्या माणसांबरोबर जेवावं. मग शनिवारी मंजूर करा की नामंजूर करा, मी तोंड उघडणार नाही. पण जो गाडीत बसला नाही, त्याने शनिवारी हातही वर करू नये. आणि यापुढे कुठलाही अर्ज असो, पट्टी राहू द्या, पण मेजावरच्या दोघांनी पत्ता घेऊन आधी जाऊन यायचं, मगच बोलायचं. हा ठराव मी लेखी देतो आहे. अक्षर हयवदनरावांसारखं नाही, वाचून घ्या.

आता आभार. सुलभाताई, तुम्ही मला थांबवलं नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. रणजीतराव, तुम्ही सत्काराला आलात आणि हे ऐकावं लागलं. हयवदनराव, शाल-श्रीफळ देऊन तुम्हाला मोकळं करायचं असं आम्ही ठरवलं होतं. ते घ्या, पण त्याने आमची सुटका होत नाही, हे मला ठाऊक आहे.

बोलताना कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानात कमी-जास्त झालं असेल, तर तेवढं आपण मोठ्या मनाने पोटात घालाल. एका विनोदाची माफी मात्र मला तुमच्याकडे मागता येत नाही. ज्यांच्याकडे मागायची, ते आजोबा डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला उभं राहून निरोप देत होते. ते स्वतः निघाले, तेव्हा हात करायला आमच्यातलं कुणी तिथे नव्हतं.

नमस्कार.